सामूचं नवं नाव

नवसाने झालेल्या मुलाचा ताप उतरेना, तेव्हा सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणाऱ्या हज्जानने त्याचं नाव बदललं. ‘देवाने ऐकलं’ सांगणारा शमुवेल गेला; ‘देव बरं करतो’ म्हणणारा रफाएल आला. मृत्यूचा दूत जुन्या नावाने शोधत आला, तर त्याला इथे कुणी सापडू नये. शमुवेल, सॅम्युएल, सामू, सगळी नावं घरात बंद झाली.

दुपारी मुलाने डोळे फिरवले आणि त्याची आई मलका किंचाळली, “सामू!”

तिने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. तेवढ्यात ओटीवरून सासऱ्यांचा खणखणीत आवाज आला, “ओ! कोण बोलावतंय? मीच सामू.”

“मामंजी, असं काय बोलता!”

“हळू बोल पोरी, ऐकेल कुणी. तुझ्या रफाएलला पाणी पाज.”

संध्याकाळी ताप उतरला. रफाएल आजोबांना हाका मारत राहिला. ओटीवरून ओ आली नाही.