सोडलेले डाव

विद्या पवित्र खरी. परंतु तुच्छतेने दिली की ती प्रथम गुरूलाच अंध करते.

जिमखान्यात लिमिट पोकर शिकवताना त्र्यंबकराव नवशिक्यांवर खेकसत, "इथे चालीची रक्कम ठरलेली! मोठी चाल करून कुणाला घाबरवता येत नाही. वाईट पानं आली की डाव सोडा, नंदीबैलांनो!"

नवशिक्यांतल्या इंदूताईंनी निमूटपणे अकरा डाव सोडले. बाराव्याला त्यांनी पैशांऐवजीचे चिंचोके पुढे सरकवले.

"जपमाळ संपली वाटतं!" त्र्यंबकराव हसले. "यांच्याकडून हरलो, तर शिकवणं बंद." हातात केवळ दुर्रीची जोडी असूनही ते शेवटपर्यंत अडून राहिले. ताईंनी तीन राजे मांडले.

"सर, अकरा डाव सोडणारी बाई बाराव्याला उगाच बसेल का हो?"

दिलेला शब्द पाळायला त्र्यंबकराव उठू लागले.

"बसा," ताई म्हणाल्या. "बाकीच्यांना अजून डाव सोडायला कुठे येतंय?"

ताईंच्या संयमाला यश लाभो आणि सरांच्या जिभेला माधुर्य.