मी घरी आलोय

शाळेतली नोकरी सोडून मी किर्गिझस्तानातल्या ओश शहरात एका बँकेत सायबर सुरक्षेचं काम धरलं, तेव्हापासून कॅशियर बुरुलकान आपा माझ्या मागेच लागल्या होत्या.

“माझा मुलगा एर्निस मॉस्कोत विटा वाहतोय गं. तुझ्यासारखं शिकला तर इथं नोकरी लागेल?”

“आता अवघड आहे, आपा. शिकणारे फार झालेत.”

सोमवारी, कोण फसतं ते बघायला, मी सगळ्या कर्मचाऱ्यांना एक खोटा मेसेज पाठवला: ‘मी घरी आलोय, फोटो बघ.’

फसल्या फक्त आपा.

“इतकं शिकवूनही उघडलात?”

“खोटा आहे ते कळलं होतं गं. सकाळीच एर्निसचा मॉस्कोहून फोन येऊन गेला होता,” आपा म्हणाल्या. “पण ‘घरी आलोय’ म्हटल्यावर दार उघडायचं नाही, हे काही मला जमायचं नाही.”