लँथॅनमचा पहिला घाणा

आईच्या छातीत हृदयाचे ठोके चालवणारी नवी चकती बसवून पाऊण तास झाला होता, तरी हेमलता हातात चुंबक घट्ट धरून खाटेशेजारी बसली होती. जुन्या चकतीत भरलेली वीज तासाभरात गळून जायची. मग छातीवरून चुंबक फिरवून ती पुन्हा भरावी लागे, नाहीतर ठोके चुकत. सहा वर्षं घरात कोणी ना कोणी आईपाशी जागं असे. नवी चकती भाजताना तिच्यात लँथॅनम या धातूची चिमूटभर भुकटी घातली होती, त्यामुळे वीज महिनाभर टिकणार होती.

ते लँथॅनम चकत्यांच्या कारखान्यात हेमलतानेच तोललं होतं. आत्ता एकदम तिला आठवलं, की त्या दिवशी उशीर झाला म्हणून बरणीतली भुकटी भट्टीत न भाजताच तिने तराजूत घातली होती. ही भुकटी हवेतलं पाणी पिते. म्हणजे लँथॅनम समजून तिने पाणीही मोजलं असणार, आणि ही चकतीही तासाभरात रिकामी होणार!

तिने कारखान्यातल्या भट्टीवाल्या दगडूमामांना फोन लावून विचारलं.

"अगं, भट्टी पेटली की पहिला घाणा लँथॅनमचा," मामा म्हणाले. "त्या दिवशीही तू यायच्या आत भाजूनच बरणीत भरलं होतं मी. तुम्हा लोकांच्या भरवशावर बसलो असतो, तर झालंच असतं कल्याण!"

हेमलताला हसू आणि रडू एकदमच आलं. घड्याळात तास उलटला, तरी खाटेजवळच्या यंत्राच्या पडद्यावरचा एकही ठोका चुकला नाही.

डोळे न उघडताच आई म्हणाली, "ठेव ते चुंबक खाली. सहा वर्षं झाली, जरा पाठ टेक."