एकसारख्या नोंदी

कुमुदमावशींनी नवऱ्याचा फोटो भिंतीवरून उतरवून पलंगाखाली सरकवला होता.

“ह्यांनी अख्ख्या संसारात मला एकदाच विचारलं रे, चहा घेतेस का म्हणून,” त्या भाच्याला म्हणाल्या. “काय पाहून मला दिली होती, कुणास ठाऊक.”

हेरंबच्या घशात बिस्किट अडकलं. माणसांनी आठवणी डोक्यात ठेवणं सोडल्यापासून त्या ज्या सर्व्हरवर असत, त्याचा डेटाबेस तोच सांभाळायचा. जागा कमी पडू लागली तेव्हा त्याने एकसारख्या नोंदींची एकेक प्रत ठेवून बाकीच्या पुसल्या. पहिली पाळी ज्येष्ठ नागरिकांची, कारण साठा त्यांचाच मोठा. जुना बॅकअपही त्याने जागेसाठीच उडवला. साहेबांनी पाठ थोपटली होती. काकांचा रोज सकाळचा तोच प्रश्न, त्याच आवाजात. संगणकाच्या लेखी त्या सगळ्या नकला होत्या.

“मावशी, काका रोज विचारायचे. मी ऐकलंय.”

“गेलेल्या माणसाची बाजू घेऊ नकोस. मला आठवत नाही होय?”

खरं सांगायला त्याची जीभ रेटेना. तो खालमानेने घरी आला आणि बायकोला म्हणाला, “शर्मिष्ठा, चहा घेतेस का गं?”

“बरं आहे ना तुला? लग्नानंतर आज पहिल्यांदा विचारतोयस.”

चुकून हिच्याही नोंदी पुसल्या की काय? त्याने घाईघाईने लॅपटॉप उघडला.

शर्मिष्ठाच्या आठवणींना अजून कुणी हातही लावला नव्हता.