हिरवं पाकीट

पो-हानच्या हातातलं हिरवं पाकीट दिसलं आणि रखवालदार काका ओळखपत्र विचारायचंच विसरले.

"वरच्या यंत्रावरच्या पाकिटाची तारीख उलटलीय, काका. बदलायला पाठवलंय मला."

"अरे बापरे! कधी उलटली?"

"गेल्या वर्षी."

"आणि हे आत्ता सांगतोस? पळ, पळ! मागे असंच झालं तेव्हा कटिंगचं मशीन तीन दिवस रुसून बसलं होतं." काकांनी स्वतः वर येऊन किल्ली लावली आणि दार उघडून दिलं.

हिरव्या पाकिटातल्या नारळाच्या चवीच्या त्या कुरकुरीत खाऊला आमच्याकडे तैवानात कुणी हसत नाही. त्याचं नावच मुळी 'शहाण्यासारखं वाग' अशा अर्थाचं आहे. तायचुंग शहरातल्या कुठल्याही कारखान्यात जा, यंत्रानं नीट वागावं म्हणून महत्त्वाच्या यंत्रावर एक पाकीट ठेवलेलं असतं. ते हिरवंच लागतं, कुणी खायचं नसतं, आणि तारीख उलटायच्या आत बदलायचं असतं. शिकलेसवरलेले इंजिनियरही हे मुकाट पाळतात. पो-हानही स्वतःच्या कचेरीत पाळायचा.

आठ दिवसांपूर्वी तो श्ये मालकांच्या या झडपांच्या कारखान्यात आला होता, तो संगणकांची सुरक्षा विकायला. बावीस वर्षं ते काम एकहाती सांभाळणाऱ्या श्यू-यिंगताई समोर बसल्या होत्या.

"प्रत्येक दाराला बोटाच्या ठशाचं कुलूप," पो-हान म्हणाला. "आणि पासवर्ड दर महिन्याला बदलायचा."

"आमच्या पोरांच्या बोटांना दिवसभर तेल असतं. ठसा उमटणार कसा?" ताई म्हणाल्या. "आणि दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावला, की ती तो चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवतात. चोराला वाचायची सोय."

"मग काय, सगळं उघडंच ठेवायचं?"

"माझ्याकडे पैसे एका चांगल्या कुलपाचे आहेत. ते कुठे लावायचं, एवढंच मी ठरवते."

मालकांना वाद ऐकायचा भारी कंटाळा. "गिऱ्हाइकांचे आराखडे आठ दिवसांत बाहेर काढून दाखव," ते पो-हानला म्हणाले. "जमलं तर सगळं काम तुझ्या कंपनीला, ताई घरी बसतील. नाही जमलं तर पुन्हा या दाराशी येऊ नकोस."

ताईंनी नुसती मान डोलावली. मालकांच्या सांगण्यावरून त्यांनीच त्याला कारखाना फिरवून दाखवला. दुसऱ्या मजल्यावर काचेच्या खोलीत मोठ्या संगणक-यंत्राचे दिवे लुकलुकत होते. वर हिरवं पाकीट होतं, तारीख नेमकी काचेकडे केलेली. गेल्या वर्षीचा मार्च. पो-हानला हसू आवरेना. ही बाई साधं पाकीट वेळेवर बदलत नाही आणि मला कुलपं शिकवते!

आता तो त्याच खोलीत उभा होता. कीबोर्ड उचलून पाहिला तर खाली चिठ्ठी, चिठ्ठीवर पासवर्ड. पोरांना नावं ठेवणाऱ्या ताईंचंच अक्षर. पुढचं काम नऊ मिनिटांत उरकलं. चारशे बारा आराखडे त्याच्या ड्राइव्हवर उतरले.

निघताना त्याने नवं पाकीट यंत्रावर नीट ठेवलं. यंत्राशी त्याचं काही वैर नव्हतं. जुनं पाकीट पुरावा म्हणून बरोबर घेतलं.

जिना उतरताना त्याला ताईंची मनापासून दया आली. बावीस वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. महिनाभर सल्ल्यासाठी ठेवून घेऊ बिचारीला, असं त्याने ठरवूनही टाकलं.

मालकांच्या टेबलावर त्याने ड्राइव्ह ठेवला आणि शेजारी ते पाकीट. "सगळे आराखडे. दार तुमच्या काकांनी उघडलं, पासवर्ड ताईंनी लिहून ठेवला होता."

मालकांचा चेहरा पडला. ताई किटलीतून पेल्यांत चहा ओतत होत्या.

मालकांनी पहिला आराखडा उघडला. मग दुसरा, मग एकदम विसावा. मग ते ताईंच्या हातातल्या किटलीकडे बघत राहिले. पडद्यावर प्रत्येक वेळी तीच होती, तोटी, कान, झाकण, सगळं मापांसकट.

"हे कसं शक्य आहे?" पो-हान उठून उभा राहिला. "यंत्र चालू होतं! दिवे लागले होते, मी डोळ्यांनी पाहिलं!"

ताईंनी किटली खाली ठेवली. पाकीट उचललं, तारीख वाचली आणि ते त्याच्यापुढे सरकवलं.

"तू तायचुंगचाच ना रे? कामाच्या यंत्रावर तारीख उलटलेलं पाकीट आपल्यात कुणी ठेवतं का?"