पुलाखालून गेलेली मेणबत्ती

खजुराच्या झावळीच्या बुडख्यावर मेणबत्ती खोचायची, पेटवून तैग्रिस नदीच्या पाण्यात सोडायची. ती जळत पुलाखालून गेली, तर पाण्याचे राखणदार असलेल्या खिज्र बाबांनी मागणं मान्य केलं, असा बगदादच्या बायकांचा रोखठोक हिशेब. आज उम्म सिनानचं मागणं मोठं होतं. उद्या सकाळी तिच्या नातीच्या हृदयावर शस्त्रक्रिया होती. मेणबत्ती मात्र घाटाच्या पायरीपासून हलेचना, कारण नदीत पाणी होतं तरी त्याला ओढ उरली नव्हती.

"अबू दुरैद, तुझ्या वल्ह्याने जरा पुढे ढकल की," ती शेजारच्या नावाड्याला म्हणाली.

"ढकललेली चालत असती, तर उतारू सोडून मी नवसच पोचवत बसलो असतो!"

"मागच्या खेपेला कशी पळत गेली होती!"

"तेव्हा पाऊस पडत होता, उम्म सिनान. आणि वरच्या अंगाला धरण नव्हतं. तुमच्याच इंजिनिअर लेकाने बांधलंय ना ते? इतकी वर्षं रखडलेलं काम शेवटी पुरं कसं झालं हो?"

उम्म सिनानने त्या जागच्या जागी जळणाऱ्या ज्योतीकडे पाहिलं.

"मागच्या खेपेची मेणबत्ती पुलाखालून गेली ना," ती म्हणाली, "तेव्हा मी तेच मागितलं होतं."

 अबू दुरैदने वल्हं उचललं आणि हलक्या हाताने मेणबत्तीच्या मागे पाण्यात घातलं.