चार टाके

नीलम्माने मांजरीचा मागचा पाय दोनदा पाहिला. गुडघ्याखाली करंगळीच्या नखाएवढी एक चीर, घोट्याच्या वर तशीच दुसरी. दोन्हींवर दोन-दोन टाके. बस्स. आत नेऊन पुरता तासही झाला नव्हता.

"झालं, मावशी. सगळं नीट झालं," जनावरांच्या डॉक्टर चंद्रिका मास्क उतरवत म्हणाल्या. "मोडलेल्या जागेला मी हातसुद्धा लावला नाही."

नीलम्मा बाकावर बसली. हे बोलणं तिने आधी ऐकलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याला, पंचाक्षरींना, असंच आत नेलं होतं. पोटातली गाठ काढायला चार तास लागतील, असं सांगितलेलं. अर्ध्या तासात सर्जन बाहेर आले. दुर्बीण घालून बघितलं, म्हणाले, रोग सगळीकडे पसरलाय, हात लावण्यासारखं काही उरलं नाही. दोन चिरा, चार टाके, आणि घरी न्या. नीलम्माने जिन्याखाली तोंडात पदर कोंबून रडून घेतलं. तोंड धुतलं आणि वॉर्डात जाऊन हसत सांगितलं, "आपरेशन चांगलं झालं. गाठ काढली."

पंचाक्षरींनी पोटावरून बोट फिरवलं. चाळीस वर्षं शुक्रवार पेठेत नेहरू शर्ट शिवलेला माणूस. "टाके बारीक घातलेत की," एवढंच म्हणाले. तेव्हापासून नीलम्मा रोज सकाळी भाकरीबरोबर तेच खोटं गरम करून वाढत होती. तेही निमूट खात होते.

मग या सोमवारी सुंदरम्मा गच्चीवरून पडली. मांजरीला हे नाव पंचाक्षरींनीच दिलेलं, नीलम्माच्या आईचं. सासूबाई जिवंत होत्या तोवर या जावयाला त्यांच्यापुढे ब्र काढता आला नाही, त्याची ही भरपाई. मांजरीला दिवसातून चारदा नावाने रागवायचे आणि मग आपल्याच वाकळेवर घेऊन झोपायचे. पडल्यावर तिच्या नडगीचं हाड मोडलं. पहिल्या दवाखान्यात पाय कापू म्हणाले. त्या दिवशी पंचाक्षरींनी पेजेची वाटी बाजूला सारली.

"माझं आपरेशन केलं तसं हिचंबी करा की," ते म्हणाले. "मी बरा होतोय, तर ही का न्हाय होणार?"

नीलम्माच्या मनात आलं, मांजर गेली, किंवा मोडका पाय घेऊन तशीच परत आली, तर या माणसाचा आपरेशनवरचा विश्वास उडणार. मग त्याच्याजवळ उरणार काय? ती मांजरीला टोपलीत घालून या दवाखान्यात आली. आत नेण्याआधी तिच्या कपाळाला विभूती लावली. नर्सने ती पुसली. नीलम्माने मग टोपलीलाच लावली.

आणि आता या बाई म्हणतात, हात लावला नाही.

"बाई, खरं सांगा," नीलम्मा बाकावरून उठली. "तोंड हसरं करून सगळं नीट झालं म्हणायला मलाबी येतं. दोन म्हैने मी तेच करतीय."

 डॉ. चंद्रिकांनी तिला हाताला धरून आत नेलं आणि उजेडावर एक्स-रे लावला.

"ही धातूची पट्टी. वरच्या चिरेतून कातडीखालून सरकवली, पडद्यावर हाड बघत बघत. वर तीन स्क्रू, खाली तीन. मधे मोडलंय ती जागा मुद्दाम उघडली नाही. म्हणजे तिथलं रक्त चालू राहतं आणि हाड लवकर जुळतं. चीर लहान आहे मावशी, काम मोठं झालंय. दोन महिने उड्या मारू देऊ नका, चालायला लागेल."

नीलम्माने बोटाने ती पांढरी पट्टी वरून खालपर्यंत गिरवली. स्क्रू मोजले. पुन्हा मोजले. सहा. मग ती तिथेच रडली, आणि या वेळी पदर तोंडाशी नेला नाही.

मांजरीची गुंगी उतरल्यावर नीलम्मा रिक्षाने निघाली. टोपली मांडीवर, एक्स-रे पिशवीत. आज घरी जाऊन मांजरीबद्दल तरी खरं सांगायचं होतं. सांगताना त्यांच्या डोळ्यांत बघता येणार होतं. एवढ्या साध्या गोष्टीचा तिला केवढा आनंद झाला होता.

"अहो, आणली बघा," तिने टोपली अंथरुणाशी ठेवली. "आपरेशन चांगलं झालं. आता बरी होतीय ती."

पंचाक्षरींनी हात लांब केला. शिवणकामाने टोक कडक झालेलं ते बोट वरच्या चिरेवरून फिरलं, मग खालच्या. दुसरा हात सदऱ्याखाली आपल्या पोटावर गेला आणि तिथेच राहिला. नीलम्मा घाईघाईने पिशवीतून एक्स-रे काढू लागली.

"राहू दे, नीला," ते मांजरीला कुरवाळत हळूच म्हणाले. "तिलाबी तेच सांगितलंस व्हय?"